विद्यापीठांची क्रमवारी : मोजमाप की नुसती बेरीज?

आवर्तसारणीत ९७ आणि ९८ अणुक्रमांकांवर बर्केलियम आणि कॅलिफोर्नियम ही दोन मूलद्रव्ये आहेत. १९४९-५० च्या सुमारास ती ज्या विद्यापीठात प्रथम तयार केली गेली, त्या विद्यापीठाच्या गावाचे आणि राज्याचे नाव त्यांना मिळाले. हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार. १८६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे राज्याच्या कायद्याने चालणारे आणि राज्याच्या तिजोरीतून काही वाटा घेणारे. गावाच्या नावावरून मूलद्रव्य ओळखले जावे, याहून मोठी पत विज्ञानाच्या जगात क्वचितच मिळते.

आता या विद्यापीठाचा जगात कितवा क्रमांक लागतो ते पाहू. चीनमधील शांघाय येथून २००३ पासून एक जागतिक क्रमवारी प्रसिद्ध होते. तिच्यात बर्कली सातत्याने पहिल्या पाचांत राहिले आहे. ‘यू. एस. न्यूज’ या अमेरिकी नियतकालिकाची यादी मात्र फक्त अमेरिकेपुरतीच आहे. तरीही तिच्यात हेच विद्यापीठ वर्षानुवर्षे विसाव्या स्थानाच्या आसपास घुटमळत होते. म्हणजे साऱ्या जगात पहिल्या पाचांत, आणि स्वतःच्या देशात विसावे! विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला अशी दोन वाचने मिळाली, तर तो दोन्हींपैकी खरे कोणते असे विचारणार नाही. ही दोन उपकरणे एकाच राशीचे मापन करतात का, असे तो विचारील. क्रमवारीबद्दल विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.

शांघायची यादी मुख्यतः संशोधन मोजते. नोबेल व फील्ड्स पदके मिळवणारे माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक, ज्यांच्या लेखांचे संदर्भ खूप दिले जातात असे संशोधक, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधील लेख, एकूण शोधनिबंध, अशी तिची मोजदाद आहे. तिच्यात वर्गात काय शिकवले जाते याचा विचार जवळजवळ नाहीच. चिनी विद्यापीठे जगातल्या अग्रगण्य संस्थांपासून किती दूर आहेत हे पाहण्यासाठी ती तयार झाली होती, आणि त्या मर्यादित कामासाठी ती वाईटही नाही.

‘यू. एस. न्यूज’ची कथा अधिक बोलकी आहे. १९८३ साली त्यांनी पहिली यादी केली तेव्हा पद्धत साधी होती. विद्यापीठांच्या अध्यक्षांना विचारायचे, सर्वांत चांगली विद्यापीठे कोणती? त्या यादीत बर्कली पाचवे आले. नुसत्या मतांवर यादी करणे अशास्त्रीय आहे, अशी टीका झाली. ती रास्तही होती. मग १९८८ पासून मतांच्या जोडीला आकडे आले. प्रवेश किती कठीण, प्राध्यापकांचे पगार किती, दर विद्यार्थ्यामागे खर्च किती, लहान वर्ग किती, माजी विद्यार्थ्यांपैकी किती टक्के लोक देणगी देतात. परिणाम असा झाला की बर्कली एकाएकी विसाव्या स्थानाच्याही खाली घसरले आणि वरच्या जागा जवळजवळ सर्व खासगी विद्यापीठांनी व्यापल्या. बर्कलीत त्या वर्षी भूकंप झाला नव्हता, प्राध्यापक नोकरी सोडून गेले नव्हते. बदलली ती फक्त पट्टी. गंमत अशी, की समव्यवसायींच्या मतांच्या रकान्यात बर्कलीला नंतरही हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या जवळपासचे गुण मिळत राहिले. पत तीच होती, क्रमांक मात्र घसरला होता.

पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये या नियतकालिकाने पुन्हा पट्टी बदलली. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, लहान वर्गांचे प्रमाण असे काही निकष काढून टाकले आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले पदवीपर्यंत पोहोचतात का, याचे वजन वाढवले. लगेच कित्येक सरकारी विद्यापीठे वर सरकली. बर्कली आणि लॉस एंजेलिस ही कॅलिफोर्नियाची दोन्ही आवारे विसाव्यावरून पंधराव्या स्थानी आली. शिकागो विद्यापीठ सहाव्यावरून बाराव्या, तर व्हँडरबिल्ट तेराव्यावरून अठराव्या स्थानी गेले. ही दोन्ही खासगी. व्हँडरबिल्टच्या प्रमुखांनी या बदलावर जाहीर टीका केली. आधीच्या कित्येक वर्षांत जुन्या पट्टीचा त्यांच्या संस्थेला फायदाच होत होता, त्याबद्दल तक्रार झाल्याचे ऐकिवात नाही.

या पद्धतीतली मूळ चूक मला एका उदाहरणाने सांगाविशी वाटते. वाफेच्या इंजिनाची गुणवत्ता आपण कशी ठरवतो? त्याने केलेले काम भागिले त्याने खाल्लेली ऊर्जा. याला आपण कार्यक्षमता म्हणतो आणि नववी-दहावीच्या मुलांना तिचा अर्थ समजतो. एखाद्याने केलेले काम आणि जाळलेला कोळसा यांची बेरीज करून ज्याची बेरीज जास्त ते इंजिन चांगले, असे म्हटले तर आपण त्याला वर्गाबाहेर उभे करू. विद्यापीठांच्या क्रमवारीत नेमके हेच चालते. दर विद्यार्थ्यामागे जास्त खर्च केला की गुण मिळतात, प्राध्यापकांना जास्त पगार दिला की गुण मिळतात, आणि त्याच बेरजेत उत्तीर्णांचे प्रमाण व संशोधन हेही मिळवले जाते. कमी खर्चात तेवढेच चांगले शिक्षण देणाऱ्या संस्थेला काटकसरीचे श्रेय नाही, उलट शिक्षा आहे. खर्च करायला पैसा लागतो. तो एक तर फीतून येतो, नाही तर देणग्यांच्या निधीतून, नाही तर करांतून. हार्वर्डकडे सुमारे ५० अब्ज डॉलर्सचा निधी आहे. अशा संस्थेशी राज्याच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असलेल्या विद्यापीठाची तुलना करताना कोळशाचा ढीग जमेच्या बाजूला धरणे हा कोणता न्याय?

दुसरा दोष आपल्या शिक्षक वाचकांना चांगला ठाऊक आहे. एखादी शाळा पाचवीतच चाळणी परीक्षा घेऊन मुले निवडते. दहावीला तिचा निकाल शंभर टक्के लागतो आणि गावात फलक झळकतो. शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येईल त्या मुलाला प्रवेश आहे. त्यात ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडणारी मुलेही आली, आणि निकाल पंचाहत्तर टक्के लागतो. कोणत्या शाळेने मुलांच्या ज्ञानात अधिक भर घातली, हे निकालाच्या टक्क्यांवरून सांगता येईल का? बर्कलीतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक मुले कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असलेली केंद्र सरकारची पेल शिष्यवृत्ती घेणारी असतात. अशा विद्यार्थ्यांना घेऊन उभे केलेले काम आणि निवडक सुखवस्तू विद्यार्थ्यांना घेऊन केलेले काम एकाच रकान्यात लिहिले जाते.

आता भारांशाविषयी थोडे गणित करू. कल्पनेतली दोन विद्यापीठे घ्या, ‘अ’ सरकारी आणि ‘ब’ खासगी. साधनसामग्रीत अ ला ५०, ब ला ८०. संशोधनात अ ला ८०, ब ला ६०. सर्व थरांतील मुलांना सामावून घेण्यात अ ला ९०, ब ला ४० गुण आहेत. या तिन्हींना अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के भार दिला, तर अ ची बेरीज ६७ आणि ब ची ६६ येते. अ पहिले. आता सामावून घेण्याचे १० टक्के काढून साधनसामग्रीला द्या. अ ६३, ब ७०. ब पहिले, तेही चांगल्या सात गुणांनी! संशोधनाला ५० टक्के आणि साधनसामग्रीला ३० टक्के दिले, तर अ ७३ आणि ब ६२. मूळ गुणांत एका अंशाचाही बदल न करता आपण हवा तो विजेता निवडला. हे भारांश निसर्गातून येत नाहीत. ते प्रकाशाच्या वेगासारखे स्थिरांक नव्हेत. कोणी तरी टेबलाभोवती बसून ठरवलेले असतात, आणि विद्यापीठ कशासाठी असते याविषयीचे त्यांचे मत त्यात दडलेले असते. मत असण्याला हरकत नाही. ते दशांश चिन्हाच्या आड लपवण्याला आहे.

प्रतिष्ठेचे तरी मोजमाप होते का? ‘क्यूएस’ या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक यादीत २०२३ पासून ३० टक्के भार प्राध्यापक-संशोधकांच्या मतांना आणि १५ टक्के भार नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आहे. म्हणजे शंभरातले ४५ गुण ऐकीव कीर्तीचे. अशा पाहणीचा अर्ज माझ्यासारख्या संशोधकांकडे येतो. आपल्या विषयात देशातली दहापर्यंत आणि परदेशातली तीसपर्यंत उत्तम विद्यापीठे निवडा, असे त्यात सांगितलेले असते. चाळीस विद्यापीठांतले अध्यापन जवळून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्यांचे शोधनिबंध आपण वाचतो आणि ज्यांची नावे कानावर आहेत, तीच नावे हाताला येतात. आणि नावे कानावर असतात त्याचे एक कारण मागच्या वर्षीची क्रमवारी हेच असते. ध्वनिक्षेपकासमोर ध्वनिवर्धक ठेवला की जी शीळ घुमू लागते, तिचा अनुभव शाळेच्या स्नेहसंमेलनात सर्वांनी घेतलेला असतो.

हा केवळ मानापमानाचा खेळ असता तर दुर्लक्ष करता आले असते. पण परदेशी शिक्षणासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तींमध्ये जागतिक क्रमवारीतील स्थानाची अट घातलेली असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतही ती आहे. एखाद्या विषयात नाणावलेला विभाग असलेले विद्यापीठ एकूण यादीत खाली असेल, तर तिथे प्रवेश मिळूनही मुलाला पैसे मिळत नाहीत. लंडनमधल्या एका संस्थेने ठरवलेला भारांश असा थेट मराठवाड्यातल्या एखाद्या घरापर्यंत पोहोचतो.

अशा याद्यांचा मोह नवा नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल याने १९०६ साली अमेरिकी वैज्ञानिकांचा कोश काढला, त्यात हजार श्रेष्ठ नावांवर तारांकन केले, आणि १९१० च्या आवृत्तीत कोणत्या संस्थेत किती तारे आहेत हे मोजले. १९११ साली केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यातल्या केंड्रिक बॅबकॉक यांनी ३४४ संस्थांची प्रतवारी केली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की अध्यक्ष टाफ्ट यांनी ती प्रसिद्धच होऊ दिली नाही. सरकारने जे टाळले ते पुढे एका नियतकालिकाने खपासाठी केले.

स्थान मौल्यवान झाले की आकडे वळवण्याचा मोह येतो. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ खासगी आणि नामांकित आहे. १९८८ साली अठराव्या स्थानी असलेले हे विद्यापीठ २०२१ च्या यादीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांना शंका आली. त्यांनी विद्यापीठाने कळवलेले आकडे वेळापत्रकासारख्या उघड माहितीशी ताडून पाहिले आणि २०२२ च्या आरंभी आपले विश्लेषण प्रसिद्ध केले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत, असे विद्यापीठाने कळवले होते. फेरमोजणीनंतर विद्यापीठाने स्वतःच जाहीर केलेला आकडा ५७.१ टक्के निघाला. त्या सप्टेंबरमधील यादीत कोलंबियाला अठरावे स्थान मिळाले. चौतीस वर्षांपूर्वी होते तेच! मला यात क्रमांकापेक्षा त्या गणितज्ञाचे काम महत्त्वाचे वाटते. त्याच्याकडे कोणतेही गुप्त कागद नव्हते. लोकांसमोर असलेल्या दोन आकड्यांची त्याने फक्त एकमेकांशी गाठ घालून दिली.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा म्हणजे ‘एनआयआरएफ’ आणला आणि २०१६ पासून याद्या येऊ लागल्या. विद्यापीठांसाठी त्यात अध्यापन व साधने ३० टक्के, संशोधन ३०, पदवीनंतरची निष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १० आणि लोकमत १० असे पाच भाग आहेत. लोकमताला दहाच टक्के ठेवले ही जमेची बाजू.

इथे सरकारी विरुद्ध खासगी हा प्रश्न अमेरिकेसारखा सरळ नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था पहिली येते, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ वर असते. ही सरकारीच आहेत, पण केंद्राच्या पैशावर चालणारी. २०२५ च्या यादीत त्यांच्या पाठोपाठ तिसरे आले ते मणिपालचे खासगी अभिमत विद्यापीठ. खाली सरकत आहेत ती बहुतांशी राज्यांची विद्यापीठे. ‘सार्वजनिक’ या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या परिस्थिती झाकतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२० साली विद्यापीठांच्या यादीत नववे होते, २०२३ साली एकोणिसावे, २०२४ साली तेविसावे आणि २०२५ साली छप्पन्नावे झाले. बारा महिन्यांत कोणतेही विद्यापीठ तेहेतीस जागांनी वाईट होत नाही. यादीच्या मधल्या भागात संस्था इतक्या दाटीने उभ्या असतात की थोड्या गुणांच्या फरकाने मोठी उडी किंवा घसरण दिसते. पण नुसते असे म्हणून हात झटकणेही बरोबर नाही, कारण या घसरणीमागे एक खरी गोष्ट आहे, ती म्हणजे प्राध्यापकांच्या वर्षानुवर्षे रिक्त राहिलेल्या जागा.

रिक्त जागेचा फटका या सूत्रात कसा बसतो ते पाहण्याजोगे आहे. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर पूर्ण गुण, आणि पन्नासांमागे एकाहूनही वाईट प्रमाण असेल तर शून्य. पहिला तोटा इथे होतो. पीएच.डी. झालेल्या व अनुभवी शिक्षकांचे गुण वेगळे असतात, तिथे दुसरा. शोधनिबंधांना भागताना प्रत्यक्ष शिक्षकसंख्या न घेता पंधरास एक या हिशेबाने जितके शिक्षक असायला हवेत तो आकडा घेतात. म्हणजे तीनशे हवेत आणि दीडशेच असले, तर त्या दीडशेंनी तीनशेंचे संशोधन करावे अशी अपेक्षा! हा तिसरा. माझ्या मते सूत्राचा हा भाग योग्यच आहे, कारण रिकामी खुर्ची संशोधन करत नाही हे सत्य त्यात उमटते. फक्त मुलाचे प्रगतिपुस्तक चुकीच्या पालकाच्या हाती पडते. भरतीला मान्यता राज्य शासनाने द्यायची आणि क्रमांक विद्यापीठाचा घसरायचा.

खासगी विद्यापीठांना या सूत्राचा फायदा मिळतो तो नेहमी लबाडीने मिळतो, असे कोणी समजू नये. जागा रिकामी झाली की ती महिनाभरात भरण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे आणि काही संस्था ते चांगले वापरतात. मात्र शोधनिबंधांच्या संख्येमागे लागून दर्जा खालावल्याची उदाहरणेही इतकी झाली की २०२५ च्या क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा करण्याची तरतूद करावी लागली. आणि विद्यार्थ्याने वर्षाला किती फी भरली, हा पालकांच्या दृष्टीने पहिला असणारा प्रश्न पाचही भागांत निकष म्हणून विचारलेला नाही. उलट दर विद्यार्थ्यामागील खर्च मात्र इथेही जमेला धरला आहे. कोळसा इथेही बेरजेतच आहे.

सरकारी आणि खासगी यांच्यामधली भिंतही दिसते तितकी पक्की नाही. जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड ही खासगी विद्यापीठे, पण त्यांचे संशोधन मोठ्या प्रमाणावर सरकारी अनुदानावर उभे आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचे सुमारे २.२ अब्ज डॉलर्सचे अनुदान गोठवले, तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाच्या प्रयोगशाळाही हादरल्या. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ही कृती बेकायदा ठरवली. उलट आपली भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली उभी राहिली ती जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर.

तरीही एनआयआरएफमुळे एक मोठी सोय झाली आहे. यादीतल्या प्रत्येक संस्थेचे पाचही भागांतले वेगवेगळे गुण संकेतस्थळावर मिळतात. अकरावी-बारावीच्या मुलांना दहा विद्यापीठांचे हे गुण फळ्यावर लिहून द्यावेत आणि भारांश त्यांनाच ठरवायला सांगावेत. एका गटाने लोकमत शून्य करावे, दुसऱ्याने समावेशकता तिप्पट. तासाभरात फळ्यावर चार-पाच वेगवेगळ्या याद्या तयार होतील आणि कोणती विद्यापीठे प्रत्येक यादीत वरच राहतात, कोणती उड्या मारतात, हेही दिसेल. वरच राहणाऱ्यांबद्दल क्रमवारी काही तरी खरे सांगते आहे असे मानायला हरकत नाही.

मग मुलांना विचारावे की फळ्यावर कोणता रकाना नाही. राज्याच्या विद्यापीठांचे सर्वांत मोठे काम त्यात नाही. शेकडो संलग्न महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ठरवणे आणि लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणे हे ते काम. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांत मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची घाई केली, निकाल काही महिने रखडले, अनेकांचे पुढचे प्रवेश अडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या गोंधळासाठी क्रमवारीच्या सूत्रात वेगळा रकाना नव्हता. आणि ज्या वर्षी हेच काम वेळेवर पार पडते, त्या वर्षीही त्याचे गुण कोणत्याही रकान्यात मिळत नाहीत.